हॉर्मोनचा आकडा प्रयोगशाळेगणिक का बदलतो?

थायरॉइडच्या तपासणीचे दोन अहवाल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आहेत असे समजा. दोन्ही एकाच बाईंचे आहेत. रक्त एकाच सकाळी, एकाच वेळी टोचून काढलेले आहे. फक्त दोन नळ्या दोन वेगळ्या प्रयोगशाळांत गेल्या. पहिल्या अहवालावर टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे हॉर्मोन, ४.० आहे आणि शेजारी छापलेली सामान्य मर्यादा ०.३५ ते ४.९४ आहे. दुसऱ्या अहवालावर टीएसएच ५.६ आहे, मर्यादा ०.२७ ते ४.२० आहे आणि आकडा ठळक अक्षरांत छापून त्यापुढे ‘हाय’ असे लिहिलेले आहे. पहिला अहवाल पाहून डॉक्टर सांगतील की काळजीचे कारण नाही. दुसरा पाहून कदाचित थायरॉइडची गोळी सुरू होईल, आणि एकदा सुरू झालेली ती गोळी बहुधा वर्षानुवर्षे चालेल.

हे उदाहरण मी मांडणीसाठी घेतले असले, तरी त्यातले आकडे हवेतून काढलेले नाहीत. त्या दोन्ही मर्यादा जगभर मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या दोन यंत्रपद्धतींच्या आहेत आणि आपल्याकडच्या अहवालांवरही त्या नेहमी दिसतात. इंग्लंडमध्ये अशाच दोन पद्धतींवर तेच नमुने तपासून पाहण्यात आले, तेव्हा एकीचे टीएसएच दुसरीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त निघाले होते. आपली नेहमीची समजूत अशी असते की प्रत्येक यंत्राची स्वतःची मर्यादा अहवालावर छापलेली असते, त्यामुळे आकडा थोडा वरखाली असला तरी फरक भरून निघतो. इथे नेमके उलट घडते. जी पद्धत आकडा वर दाखवते, तिचीच वरची मर्यादा खाली आहे, म्हणून फरक भरून निघण्याऐवजी आणखी रुंदावतो.

असे दोन अहवाल हाती आले की माणूस पहिला संशय प्रयोगशाळेवर घेतो. नळ्यांची अदलाबदल झाली असेल, कुणी हलगर्जीपणा केला असेल, असे त्याला वाटते. तसे कधीकधी होतेही. पण इथे दोन्ही ठिकाणच्या तंत्रज्ञांनी आपापले काम चोख केलेले असू शकते, रोजची गुणवत्ता चाचणी नीट पार पडलेली असू शकते, आणि तरीही आकडे जुळणार नाहीत. जुन्या काळी मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा. दोन्हीकडचे व्यापारी आपापल्या तराजूशी प्रामाणिक असले, तरी ‘दहा मण’ या शब्दांचा अर्थ दोन्हीकडे वेगळाच राहणार होता. हॉर्मोन तपासण्यांची अडचण बऱ्याच अंशी अशीच आहे, आणि मणाच्या बाबतीत जे काम वजनमापांच्या कायद्याने केले तेच काम इथे प्रमाणीकरणाला करायचे आहे. मात्र हॉर्मोनचे काम धान्य तोलण्यापेक्षा कितीतरी नाजूक आहे.

किती नाजूक, हे आधी पाहू. निरोगी स्त्रीच्या रक्तद्रवात, म्हणजे सीरममध्ये, पुरुषांत भरपूर आणि स्त्रियांत थोडे असणाऱ्या टेस्टोस्टेरॉन या हॉर्मोनचे प्रमाण १०० मिलिलिटरला साधारण ३० नॅनोग्रॅम असते, म्हणजे एका लिटरला ०.३ मायक्रोग्रॅम. जेवणातल्या मिठाचा एक बारीक कण सुमारे ६० मायक्रोग्रॅमचा धरला, तर तो एक कण २०० लिटरच्या पिंपात विरघळवल्यावर पाण्यात मिठाचे जे प्रमाण राहील, तेवढे हे प्रमाण आहे. साखर किंवा कोलेस्टेरॉल मोजताना प्रयोगशाळा १०० मिलिलिटरमागे शेकडो मिलिग्रॅम पदार्थ मोजत असते. हॉर्मोन त्याच्या लक्षावधीपट विरळ असते आणि शिवाय त्याच रक्तात त्याच्यासारखे दिसणारे इतर अनेक पदार्थ मिसळलेले असतात.

एवढे सूक्ष्म प्रमाण मोजण्याची वाट १९५० च्या दशकाच्या अखेरीस न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात सापडली. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांना आढळले होते की बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांच्या शरीरात इन्सुलिनला चिकटणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. जी प्रतिपिंडे शरीरात हॉर्मोनला अचूक हेरतात, त्यांनाच परीक्षानळीत कामाला लावले तर काय होईल, या विचारातून रेडिओइम्युनोअॅसे ही पद्धत जन्माला आली. किरणोत्सारी खूण केलेले ठरावीक हॉर्मोन आणि रुग्णाच्या रक्तातले हॉर्मोन यांना प्रतिपिंडांच्या मोजक्या जागांसाठी स्पर्धा करायला लावायची, आणि खूण केलेल्यापैकी किती बाहेर राहिले यावरून रुग्णाचे प्रमाण काढायचे, असे तिचे तत्त्व. या पद्धतीचे पेटंट दोघांनीही घेतले नाही. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन त्याआधीच, १९७२ मध्ये, वारले होते. पुढे किरणोत्सारी खुणेची जागा प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली. अहवालाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सीएलआयए’ किंवा ‘ईसीएलआयए’ असे जे लिहिलेले असते, ती याच घराण्यातली नावे आहेत. आज शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेतले यंत्र तासाभरात शेकडो तपासण्या करते ते या प्रतिपिंडांच्या जोरावरच.

अडचणीचे मूळही प्रतिपिंडातच आहे. प्रतिपिंड रेणूचा एखादा भाग ओळखते आणि तेवढ्यावरून निर्णय घेते. पाठमोऱ्या माणसाला चालण्यावरून ओळखावे तसे हे आहे. बहुतेक वेळा ओळख बरोबर ठरते, पण भावाची चाल तशीच असेल तर फसगत होते. टेस्टोस्टेरॉनचे असे भाऊबंद पुष्कळ आहेत. डीएचईए-सल्फेट हे अधिवृक्क ग्रंथीतून येणारे संयुग स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉनच्या हजारो पटींनी असते. प्रतिपिंडाने त्यातल्या अगदी नगण्य अंशाला टेस्टोस्टेरॉन समजून पकडले, तरी मूळ आकडा फुगतो. दुसरी अडचण अशी की रक्तातले बहुतेक टेस्टोस्टेरॉन मोकळे फिरत नाही. ते काही प्रथिनांना बिलगलेले असते आणि मोजण्याआधी त्याला तिथून सोडवावे लागते. प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड वेगळे, सोडवण्याचे रसायन वेगळे, आणि ज्याच्याशी तुलना करून आकडा काढायचा ते कॅलिब्रेटर द्रावणही वेगळे. या तिन्ही गोष्टी कंपनीच्या व्यवसायातली गुपिते असतात.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी या पद्धतींना थेट कसोटीवर लावले. पुरुष, स्त्रिया आणि मुले मिळून ११६ जणांचे नमुने त्यांनी बाजारातल्या दहा इम्युनोअॅसे पद्धतींनी तपासले आणि त्याच नमुन्यांचे मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या संदर्भ पद्धतीने, केलेले मोजमाप शेजारी ठेवले. पुरुषांमध्ये, जिथे टेस्टोस्टेरॉन भरपूर असते, तिथे गाडी बरीचशी रुळावर राहिली. स्त्रिया आणि मुले यांच्या नमुन्यांत मात्र पद्धतींचे आपसात जुळेना आणि संदर्भ पद्धतीशीही जुळेना. स्त्रियांच्या नमुन्यांत अनेक पद्धतींनी आकडा फुगवून दाखवला. त्याच नियतकालिकातल्या संपादकीयाने काढलेला निष्कर्ष या क्षेत्रात आजही सांगितला जातो: स्त्रियांच्या बाबतीत निव्वळ अंदाज बांधणे हे बहुतेक पद्धतींच्या जवळपास तोडीचे ठरते, आणि काहींपेक्षा तर सरसच. पीसीओएस या स्त्रियांच्या हॉर्मोन-विकाराचे निदान करताना, अंगावर अवेळी केस येणाऱ्या मुलीची तपासणी करताना किंवा लहान मुलात वयात येण्याची चिन्हे फार लवकर दिसू लागली असताना डॉक्टर नेमका हाच आकडा मागवतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वाक्याचे गांभीर्य कळते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेही टेस्टोस्टेरॉन मोजणीच्या मर्यादांविषयी अधिकृत निवेदन काढले आणि प्रमाणीकरणाच्या कामाला वेग आला.

प्रमाणीकरण करायचे म्हणजे काय करायचे? हॉर्मोनच्या बाबतीत ही कल्पना नवी नाही. इन्सुलिनचा शोध लागल्यावर वेगवेगळ्या ठिकाणी तयार होणाऱ्या औषधाची ताकद वेगवेगळी निघू लागली. त्या काळी एक युनिट म्हणजे किती, हे सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरून ठरवत, आणि ससे काही सगळीकडे सारखे नसतात. हेन्री डेल यांच्या पुढाकाराने राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने हा प्रश्न हाती घेतला आणि १९२५ मध्ये कोरड्या इन्सुलिनची एक भुकटी आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली; तिच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ युनिट धरायचे असे ठरले. आता सशांमधला फरक आड येणार नव्हता, कारण प्रत्येकाने आपले औषध त्या एकाच भुकटीशी ताडून पाहायचे होते. ‘आंतरराष्ट्रीय युनिट’ म्हणजे आपल्या अहवालांवरचे ‘आययू’, ते या परंपरेतून आले आहे.

आजची रीत याच विचाराची लांब साखळी आहे. साखळीच्या टोकाला शुद्ध पदार्थ असतो. टेस्टोस्टेरॉनसाठी ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मापन संस्थेने शुद्धता तपासून प्रमाणित केलेली भुकटी उपलब्ध आहे. ती काटेकोर तोलून द्रावण करायचे. त्या द्रावणाच्या आधारे संदर्भ पद्धत चालवायची. संदर्भ पद्धतीने काही माणसांच्या सीरमचे आकडे ठरवायचे. त्या सीरमवर कंपनीने आपले कॅलिब्रेटर बेतायचे. आणि त्या कॅलिब्रेटरवर आपल्या गल्लीतल्या प्रयोगशाळेचे यंत्र चालायचे. अशी साखळी अखंड असेल, तर आपल्या अहवालावरचा आकडा एकेक कडी मागे नेत त्या भुकटीपर्यंत पोहोचवता येतो. आयएसओ १७५११ हे मानक या साखळीचे नियम सांगते, आणि संदर्भ पदार्थ व संदर्भ पद्धती यांची छाननी करून यादी ठेवण्यासाठी २००२ पासून एक आंतरराष्ट्रीय संयुक्त समिती काम करते आहे.

या साखळीतली सर्वांत सुंदर कडी मला संदर्भ पद्धतीची वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. पोत्यात तांदळाचे दाणे किती आहेत हे सगळे न मोजता काढायचे आहे. त्यात बरोबर १,००० दाणे लाल रंगवून टाका आणि पोते चांगले ढवळून एकजीव करा. मग मूठभर तांदूळ काढा. त्या मुठीत ५ लाल आणि ५० पांढरे दाणे निघाले, तर पांढऱ्यांचे प्रमाण लालच्या दहापट आहे, म्हणजे पोत्यात सुमारे १०,००० पांढरे दाणे आहेत. गंमत अशी की ढवळल्यानंतर निम्मे तांदूळ सांडून गेले तरी उत्तर बदलत नाही, कारण लाल आणि पांढरे सारख्याच प्रमाणात सांडतात. समस्थानिक विरलीकरण या पद्धतीत नेमके हेच करतात. रुग्णाच्या सीरममध्ये टेस्टोस्टेरॉनचे जड जुळे, म्हणजे काही अणूंच्या जागी त्यांचे जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे जास्त वजनाचे अणू, बसवलेला तोच रेणू, मोजून घालतात. मग नमुना गाळला, धुतला, वेगळा केला. त्यात किती वाया गेले याची फिकीर उरत नाही. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर रेणू आणि त्यांचे तुकडे वस्तुमानाप्रमाणे वेगळे करतो आणि हलके किती, जड किती एवढेच गुणोत्तर सांगतो. इथे चालीवरून ओळख पटवायची नसते; रेणूला थेट तोललेले असते.

मग सगळीकडे हीच पद्धत का वापरत नाहीत? मोठ्या केंद्रीय प्रयोगशाळांत मास स्पेक्ट्रोमेट्री वापरलीही जाते. पण यंत्र महाग असते, ते चालवायला मुरलेला माणूस लागतो, आणि तालुक्याच्या गावी संध्याकाळपर्यंत अहवाल हवा असतो. शिवाय नुसते महाग यंत्र घेतल्याने आकडे जुळत नाहीत. द्रावण करताना, जुळ्याचे वजन घेताना दोन प्रयोगशाळांत फरक पडतोच. त्यामुळे मास स्पेक्ट्रोमेट्री असो वा इम्युनोअॅसे, दोन्हींना बाहेरून कुणीतरी तपासून घ्यावे लागते.

ते काम अमेरिकेतल्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे अटलांटा इथल्या सीडीसीने, २०१० मध्ये टेस्टोस्टेरॉनपासून सुरू केले आणि पुढे त्यात एस्ट्राडिऑल या स्त्री-हॉर्मोनची भर घातली. कार्यक्रमाची रीत साधी आहे आणि तिच्यात पळवाट नाही. आधी प्रयोगशाळेला किंवा कंपनीला ४० नमुने त्यांच्या संदर्भ आकड्यांसह मिळतात, म्हणजे आपली पद्धत कुठे सरकते आहे हे तिचे तिला पाहता येते आणि दुरुस्त करता येते. त्यानंतर दर तिमाहीला गोठवलेल्या सीरमच्या १० कुप्या येतात, आणि त्यांत किती हॉर्मोन आहे हे सांगितलेले नसते. चार तिमाहींच्या ४० नमुन्यांवर टेस्टोस्टेरॉनचा सरासरी कल संदर्भ आकड्याच्या वर किंवा खाली ६.४ टक्क्यांच्या आत असला तरच प्रमाणपत्र मिळते, आणि तेही एका वर्षापुरते. ही ६.४ टक्क्यांची रेघ मनाला वाटली म्हणून ओढलेली नाही. माणसाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुळातच किती वरखाली होते आणि माणसामाणसांत किती फरक असतो, त्या हिशोबावरून मोजणीतली कितपत चूक खपू शकते हे काढलेले आहे.

त्या कुप्यांमध्ये काय असते, यालाही फार महत्त्व आहे. प्रत्येक कुपीत एकाच दात्याचे साधे मानवी सीरम असते. त्यात वरून काही घातलेले नसते. पूर्वी अनेक जणांचे सीरम एकत्र करून, त्यात बाहेरून हॉर्मोन मिसळून, वाळवून भुकटी केलेले नमुने तपासणीसाठी पाठवण्याची पद्धत होती आणि अनेक ठिकाणी ती आजही आहे. असे नमुने टिकाऊ आणि स्वस्त असतात. पण प्रतिपिंडांना ते रुग्णाच्या ताज्या रक्तासारखे भासतीलच असे नाही. अशा नमुन्यावर दोन यंत्रांचे आकडे जुळतात आणि खऱ्या रुग्णाच्या रक्तावर फुटतात, किंवा याच्या उलटही घडते. प्रमाण म्हणून ठेवलेल्या पदार्थाने प्रत्येक पद्धतीत रुग्णाच्या नमुन्यासारखेच वागले पाहिजे, ही अट ऐकायला किरकोळ वाटते. प्रमाणीकरणाचे कितीतरी प्रयत्न याच अटीवर अडखळले आहेत.

हे सगळे जमले की काय हाती लागते, याचे एक चांगले उदाहरण २०१७ मध्ये पुढे आले. अमेरिका आणि युरोपमधल्या चार मोठ्या अभ्यासांत नऊ हजारांहून अधिक पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन मोजलेले होते, पण प्रत्येक अभ्यासाची पद्धत वेगळी असल्यामुळे ते आकडे एकत्र करता येत नव्हते. प्रत्येक अभ्यासातले सुमारे शंभर साठवलेले नमुने अटलांटाला पाठवून संदर्भ पद्धतीने पुन्हा मोजले गेले, त्यावरून प्रत्येक अभ्यासाचा कल कळला आणि सगळे जुने आकडे एका मापावर आणता आले. त्यातून १९ ते ३९ वर्षांच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांसाठी १०० मिलिलिटरला २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम अशी एक सामाईक मर्यादा निघाली. ती संदर्भ पद्धतीशी जुळवलेल्या कुठल्याही प्रयोगशाळेला वापरता येते. तिच्यामागची माणसे मात्र अमेरिका आणि युरोपमधली होती, ही गोष्ट भारतीय पुरुषाचा अहवाल वाचताना लक्षात ठेवायला हवी.

टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत एक सोय आहे: तो लहान, एकसारखा रेणू आहे आणि शुद्ध स्वरूपात तोलता येतो. टीएसएचची गोष्ट वेगळी आहे. पीयूषिका ग्रंथीतून येणारे हे हॉर्मोन मोठे प्रथिन आहे आणि त्याला शर्करेच्या साखळ्या लागलेल्या असतात. त्या साखळ्या प्रत्येक रेणूला सारख्या नसतात. म्हणजे रक्तातले टीएसएच हा एक पदार्थ नसून सख्ख्या-चुलत रेणूंचा कुटुंबकबिला आहे, आणि प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड त्यातल्या कुणाला जास्त ओळखते, कुणाला कमी. जागतिक आरोग्य संघटनेचे टीएसएचचे प्रमाण मानवी पीयूषिकेतून काढलेले आहे. त्याच्या कुप्या ब्रिटनमधल्या संस्थेत ठेवलेल्या असतात आणि त्यांच्या एका संचाचा क्रमांक ८०/५५८ आहे. सुरुवातीच्या उदाहरणातल्या दोन्ही पद्धती आपला आकडा याच ८०/५५८ ला बांधलेला असल्याचे सांगतात. तरीही त्यांच्यात ४० टक्के फरक पडतो. ग्रंथीतून काढलेले, शुद्ध करून वाळवलेले टीएसएच आणि रक्तात फिरणारे टीएसएच प्रतिपिंडांना सारखे भासत नाही, म्हणून केवळ साखळी असून भागले नाही.

शुद्ध पदार्थच नसेल तर खरा आकडा कशाला म्हणायचे? या प्रश्नावर आंतरराष्ट्रीय क्लिनिकल रसायन महासंघाच्या थायरॉइड समितीने, बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या लिंडा थिएनपाँ यांच्या नेतृत्वाखाली, व्यवहार्य तोड काढली. रुग्णांच्या नमुन्यांचा एक मोठा संच सगळ्या प्रमुख पद्धतींनी तपासायचा, टोकाचे आकडे संख्याशास्त्राच्या नियमाने बाजूला ठेवून सर्व पद्धतींची सरासरी काढायची, आणि प्रत्येक कंपनीने आपला आकडा त्या सरासरीशी जुळवून घ्यायचा. टेस्टोस्टेरॉनच्या बाबतीत होते ते खऱ्या अर्थाने प्रमाणीकरण. टीएसएचच्या बाबतीत आहे ती जुळवणी. जुळवणीने आकडा ‘खरा’ होईलच असे नाही, पण सगळीकडे सारखा होतो, आणि रुग्णाला बहुतेक वेळा त्याचीच गरज असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या समितीच्या कामातून दिसले की अशी जुळवणी केली की वेगवेगळ्या पद्धतींच्या सामान्य मर्यादाही एकमेकींच्या जवळ येतात.

मुक्त टी-४ ची, म्हणजे अहवालावरच्या ‘फ्री टी-४’ ची, गुंतागुंत आणखी निराळी आहे. टी-४ म्हणजे थायरॉक्सिन हे थायरॉइडचे हॉर्मोन. त्याचा रक्तातला जवळजवळ सगळा साठा प्रथिनांना चिकटलेला असतो. मोकळा भाग शेकडा ०.०२ ते ०.०३ एवढाच. संदर्भ पद्धतीत सीरम एका पातळ पडद्याच्या एका बाजूला ठेवून शरीराच्या तापमानाला मोकळे थायरॉक्सिन पलीकडे झिरपू देतात आणि मग पलीकडचे मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजतात. या कसोटीवर बाजारातल्या पद्धती घासून पाहिल्या, तेव्हा बहुतेकींचे आकडे संदर्भापेक्षा बरेच खाली पडले. म्हणजे प्रमाणीकरण केले तर एका रात्रीत देशभरच्या अहवालांवरचे मुक्त टी-४ वर सरकणार. कल्पना करा की वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्या एखाद्या आजींचा आकडा अचानक वाढलेला दिसतो, डॉक्टरांना मापच बदलल्याची खबर नाही, आणि ते बिचारे डोस कमी करतात. हा धोका खरा आहे. म्हणून कंपन्या, नियामक संस्था, डॉक्टरांच्या संघटना आणि रुग्णगट यांनी एकाच वेळी पाऊल टाकले पाहिजे, असे या समितीने सांगितले आणि शास्त्रीय काम हाताशी असूनही बदल सावकाश होतो आहे. मला ही सावधगिरी योग्य वाटते. पण आजच्या विसंगतीनेही रोज रुग्णांचे नुकसान होते आहे, आणि ते डोळ्यांवर येत नाही म्हणून कमी ठरत नाही.

यावर साहजिकच विचारले जाईल की प्रयोगशाळांना मान्यता देण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, मग ती काय करते? आपल्याकडे एनएबीएलची मान्यता आयएसओ १५१८९ या मानकानुसार दिली जाते, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला बाहेरच्या गुणवत्ता योजनेत भाग घ्यावा लागतो. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी योजना देशभरच्या प्रयोगशाळांना परिचित आहे. अशा योजनांत प्रयोगशाळेचा आकडा सहसा तेच यंत्र आणि तीच पद्धत वापरणाऱ्या इतर प्रयोगशाळांच्या सरासरीशी ताडून पाहतात. ही तपासणी मोलाची आहे, कारण कुठे यंत्र बिघडले, कुठे रसायन खराब निघाले, कुठे हाताळणी चुकली, हे तिच्यातून पकडले जाते. पण ती सांगते ते एवढेच की तुम्ही तुमच्या गटाशी जुळता. सगळा गटच वर सरकलेला असेल, तर त्यातल्या प्रत्येक प्रयोगशाळेला उत्तम गुण मिळतील. मुंबईच्या मणाने तोलणाऱ्या सगळ्या दुकानांची आपसात तुलना केल्यासारखे ते आहे. म्हणून दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांचे टीएसएच जुळले नाही, तर कुणाची तरी मान्यता खोटी आहे असा अर्थ काढू नये.

प्रमाणीकरणाच्या आवाक्याबाहेरची कारणेही असतात आणि ती नजरेआड करून चालणार नाही. टीएसएच रात्री आणि पहाटे चढते, दुपारी उतरते. पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असते आणि जेवणानंतर घटते. म्हणून ते सकाळी, उपाशीपोटी आणि दोन वेगवेगळ्या दिवशी तपासावे असे तज्ज्ञ सांगतात. टेस्टोस्टेरॉन कुणी नॅनोग्रॅममध्ये छापते, कुणी नॅनोमोलमध्ये, आणि दोन्हींत सुमारे २८.८ पटींचा फरक असतो. १५ आणि ४३२ हे दोन आकडे एकाच माणसाचे असू शकतात. केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचा प्रकार तर विलक्षण आहे. शरीराला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते आणि या गोळ्यांत ते ५ किंवा १० मिलिग्रॅम असते. अनेक यंत्रे प्रतिपिंडाला बांधून ठेवण्यासाठी बायोटिनचाच वापर करतात. त्यामुळे रक्तात ते भरपूर असले की अशा यंत्रावर टीएसएच खोटे खाली आणि मुक्त टी-४ खोटे वर दिसू शकते, म्हणजे धडधाकट माणसाच्या अहवालावर थायरॉइडच्या अतिस्रावाचे चित्र उभे राहते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला होता. स्तनाच्या कर्करोगावरचे फुलवेस्ट्रंट हे औषधही काही पद्धतींना एस्ट्राडिऑलसारखे भासते आणि आकडा फुगवते. अशा वेळी मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासून घेणेच योग्य.

आता टेबलावरच्या त्या दोन अहवालांकडे परत जाऊ. ४.० आणि ५.६ यांची सरासरी काढण्यात अर्थ नाही, आणि बरा वाटतो तो अहवाल ठेवून दुसरा फाडण्यातही नाही. अहवालाच्या तळाशी, मर्यादेखालच्या बारीक अक्षरांत, पद्धतीचे नाव आणि बहुतेक वेळा यंत्राचेही नाव छापलेले असते. ती ओळ डॉक्टरांना दाखवावी आणि तपासणी दोन ठिकाणी झाली हेही सांगावे. इतक्या थोड्या वाढीवर निर्णय घेण्याआधी डॉक्टर सहसा दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करायला सांगतात आणि सोबत मुक्त टी-४ व थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे पाहतात. ती फेरतपासणी दोनपैकी एकाच प्रयोगशाळेत, पहिल्या वेळेइतक्याच सकाळी आणि बायोटिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून काही दिवस ती थांबवून करावी. मग पहिला आणि दुसरा आकडा एकाच मापावर राहतात, आणि त्यांच्यातला फरक हा त्या बाईंच्या थायरॉइडमधला फरक आहे असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.